पत्ता कोठून मोजावा

नियतकालिकांची पाने लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका परदेशी सॉफ्टवेअरला देवनागरी नीट हाताळता यावी म्हणून जी जोड बसवावी लागे, जिला आमच्या व्यवसायात प्लग-इन म्हणतात, ती तयार करण्याच्या आणि सुस्थितीत ठेवण्याच्या कामात माझ्या उमेदीची बहुतेक वर्षे गेली. प्रथम पुण्यातील एका लहानशा कचेरीत, आणि पुढे आईच्या आजारपणामुळे जामखेडला परतल्यावर घराच्या माडीवर. या कामातला खरा प्रश्न लिपीचा असेल असे कोणासही वाटेल, आणि आरंभी मलाही तसेच वाटत होते; परंतु लिपीचे नियम जाणकारांच्या साहाय्याने एकदा मार्गी लागले की लागले, आणि ज्या प्रश्नाने अखेरपर्यंत पिच्छा पुरवला तो अगदीच निराळा निघाला. प्लग-इनला ज्या लायब्रऱ्या लागतात, त्या ग्राहकाच्या यंत्रावर नेमक्या कोणत्या ठिकाणाहून उचलल्या जातात, हा तो प्रश्न होय.

लायब्ररी म्हणजे पुष्कळांच्या उपयोगी पडणारा, कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. आमच्या प्लग-इनला मुख्यत्वे दोन लायब्रऱ्या लागत: युनिकोडचे नियम सांभाळणारी आयसीयू, आणि अक्षरांचे जोडाक्षरांत रूपांतर करून योग्य आकार निवडणारी हार्फबझ, जी आज फायरफॉक्स, क्रोम व लिबरऑफिस यांच्याही पोटात आहे. या लायब्रऱ्या डायनॅमिक असतात, म्हणजे त्या मूळ कार्यक्रमात मिसळलेल्या नसून वेगळ्या फाइली म्हणून राहतात, आणि कार्यक्रम सुरू होतेवेळी लोडर नावाचा प्रणालीचा एक विश्वासू कारकून त्यांना शोधून स्मृतीत आणून बसवितो. मॅकवर या लोडरचे नाव डीवायएलडी. प्रत्येक लायब्ररीच्या अंगावर तिचा स्वतःचा पत्ता नोंदलेला असतो, त्यास इन्स्टॉल-नेम म्हणतात. प्लग-इनचा बिल्ड होतो, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल तयार होते, त्या वेळी तुकडे जोडणारा लिंकर हा पत्ता जसाच्या तसा प्लग-इनमध्ये उतरवून घेतो, आणि पुढे हजार कोसांवरच्या यंत्रावरही लोडर त्याच पत्त्याबरहुकूम शोधास निघतो. ही गोष्ट नव्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. लायब्ररी आपण कोठे ठेवली आहे यावर सर्व अवलंबून आहे असे तो समजतो, आणि फाइल समोर ढळढळीत दिसत असताना लोडर ती सापडत नाही असे का म्हणतो, या विचाराने हैराण होतो.

मॅकवरचे प्लग-इन बाहेरून एकच फाइल दिसत असले, तरी वास्तविक ते एक फोल्डर असते व त्यास बंडल म्हणतात. आत ‘कन्टेन्ट्स’, त्यात चालणाऱ्या कोडसाठी ‘मॅकओएस’, चित्रे व मजकूर यांसाठी ‘रिसोर्सेस’, आणि सोबत आणलेल्या लायब्रऱ्यांसाठी ‘फ्रेमवर्क्स’, अशी शिस्तीची मांडणी असते. ही पद्धती नेक्स्ट या कंपनीत घडली, आणि ती कंपनी ॲपलने विकत घेतल्यानंतर मार्च २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेन प्रणालीबरोबर ती सर्वांपर्यंत पोहोचली. बंडल ग्राहक कोठेही ठेवू शकतो, म्हणून त्यातील लायब्ररीचा पत्ता संपूर्ण लिहून चालत नाही. तो कशाच्या तरी सापेक्ष लिहावा लागतो. प्रारंभी त्यासाठी एकच सोय होती, एक्झिक्युटेबल-पाथ, आणि तिचा अर्थ होता मुख्य कार्यक्रमाची चालणारी फाइल ज्या फोल्डरात आहे ते ठिकाण. एकट्याने चालणाऱ्या कार्यक्रमाला हे पुरेसे होते. प्लग-इन मात्र स्वतः कधीच मुख्य कार्यक्रम नसते. ते ज्याच्या पोटात शिरते तो होस्ट हाच मुख्य कार्यक्रम, आणि म्हणून प्लग-इनने ‘माझ्या शेजारच्या फोल्डरात पाहा’ असे कितीही स्पष्ट लिहिले तरी लोडर होस्टच्या शेजारच्या फोल्डरात जाऊन पाहतो.

माझे मामा जामखेडच्या तहसील कचेरीबाहेर दस्तलेखक होते. खरेदीखतात एक बाजू ‘लिहून देणार’ आणि दुसरी ‘लिहून घेणार’ असते, आणि मजकुरात जेथे जेथे ‘माझी विहीर’, ‘माझा बांध’ असे येते, तेथे तो ‘मी’ म्हणजे लिहून देणारच समजावयाचा, कागद वाचणारा वा पुढे जपून ठेवणारा कोणीही असो. घाईत आलेला शेतकरी ‘आमच्या विहिरीच्या पूर्वेला’ असे सांगू लागला की मामा लेखणी उचलून धरीत आणि विचारीत, “आमच्या म्हणजे कुणाच्या, दादा? देणाराच्या का घेणाराच्या?” आणि उत्तर मिळून गट नंबर व चतुःसीमा स्पष्ट झाल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नसत. एक्झिक्युटेबल-पाथमधला ‘मी’ हा होस्ट आहे, हे पुण्यात प्रथम उमगले तेव्हा मला मामांचा तो प्रश्न जशाचा तसा आठवला, आणि नवख्या सहकाऱ्यांना हा विषय समजावून देताना पुढे मी दुसरे उदाहरण कधी घेतले नाही.

हा दोष प्रणालीच्या कर्त्यांनाही जाणवला असला पाहिजे, कारण २००५ साली मॅकच्या टायगर आवृत्तीत त्यांनी लोडर-पाथ हा दुसरा आधार दिला. त्याचा अर्थ, जी फाइल लायब्ररी मागते आहे तिचे स्वतःचे ठिकाण. प्रत्येक फाइलसाठी तो निराळा ठरतो, आणि प्लग-इन कोठे बसवले जाणार हे ठाऊक नसले तरी त्याच्या पोटातील लायब्ररी त्यालाच सापडते. दोन वर्षांनी, लेपर्डमध्ये, रनपाथ आला: यात लायब्ररीचा पत्ता अर्धवट ठेवतात आणि शोधावयाच्या ठिकाणांची यादी मागणाऱ्या फाइलमध्ये वेगळी नोंदतात. लिनक्सवर याच कामासाठी ‘ओरिजिन’ नावाचा संकेत आहे व तो मागणाऱ्या फाइलच्याच ठिकाणावरून मोजला जातो. विंडोजवर नेहमीचा शोध होस्टच्या फोल्डरापासून सुरू होतो. तेथे प्लग-इनच्या फोल्डरापासून शोध व्हावा अशी इच्छा असेल, तर प्लग-इन लोड करणाऱ्या होस्टनेच पूर्ण पत्ता देऊन तशी खास आज्ञा करावी लागते, म्हणजे आपल्या अन्नपाण्याची तजवीज आपल्या हाती उरत नाही. तीन प्रणाली, तीन शिरस्ते. पण प्रश्न एकच.

मी पुण्याच्या त्या कचेरीत रुजू झालो तेव्हा लोडर-पाथ उपलब्ध होऊन काही काळ लोटला होता, तरी आमचे प्लग-इन जुन्याच वळणाने चालले होते. आमचा इन्स्टॉलर आपल्या लायब्रऱ्या होस्टच्या बंडलात, त्याच्या फ्रेमवर्क्स फोल्डरात, नेऊन टाकीत असे, आणि त्यामुळे एक्झिक्युटेबल-पाथ बरोबर ठरत असे. हे दुसऱ्याच्या घरात विनापरवाना सामान ठेवणे होते. होस्टची नवी आवृत्ती आली की त्याचे संपूर्ण बंडल बदलले जाई, आमच्या लायब्रऱ्या त्यासोबत नाहीशा होत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सांगली, नांदेड, नगर अशा गावांहून फोन सुरू होत. ग्राहकांना इन्स्टॉलर पुन्हा चालविण्यास सांगितले जाई, तो चाले, आणि पुढच्या आवृत्तीपर्यंत सर्व शांत असे. वर्षानुवर्षे असे चालले असल्याने हा दोष आहे हेच कोणास वाटेनासे झाले होते. तो कामाचा एक भाग समजला जात असे.

वळण आले ते एका दिवाळी अंकाच्या वेळी. अंक छपाईस जाण्यास थोडे दिवस उरले असता अंकाच्या कचेरीतील मुद्रितशोधक बाईंनी एका कथेत ‘आचाऱ्यांना’ हा शब्द ‘आचार्यांना’ असा छापला गेल्याचे दाखवून दिले. लग्नघरी स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना मान दिला असे लेखकाचे वाक्य होते, आणि मुद्रितात मान मिळाला तो कोणा आचार्यांना. टंकनदोष म्हणून तो दुरुस्त केला गेला, तरी पुढच्या मुद्रितात तसाच राहिला. मग ‘दऱ्याखोऱ्यांत’, ‘वाऱ्यावर’, ‘सातबाऱ्यावर’ असे प्रत्येक शब्द त्यांनी लाल शाईने अधोरेखित करून पाठविले. चमत्कारिक भाग असा की तीच फाइल, तोच फॉन्ट, तेच प्लग-इन शेजारच्या यंत्रावर उघडले असता सर्व शब्द शुद्ध दिसत. मराठीला ‘ऱ्या’मधला हा आडवा रफार प्राणासारखा आहे. तो नसेल तर हिंदीचे काही अडत नाही, म्हणून अनेक जुन्या लायब्रऱ्यांत त्याची हेळसांड झालेली आढळते; आणि युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येत असल्याने, एक ‘ऱ’ हे अक्षर घेऊन व दुसरी ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून, एक रीत सांभाळून दुसरी सोडून दिलेलीही पाहावयास मिळते.

मी अंकाच्या कचेरीत जाऊन दोषी यंत्रासमोर बसलो. होस्ट चालू ठेवून, त्याने या क्षणी कोणकोणत्या फाइली उघडलेल्या आहेत याची यादी एलएसओएफ या आज्ञेने काढली आणि ओळ न ओळ वाचत गेलो. लायब्ररीचे नाव बरोबर होते, फोल्डरही आमच्या इन्स्टॉलरने नेमलेलाच होता, पण फाइलचा आकार आमच्या फाइलच्या आकाराशी जुळत नव्हता आणि तिची तारीख कितीतरी जुनी होती. चौकशीअंती उलगडा झाला, तो असा की त्या यंत्रावर अलीकडेच शुद्धलेखन तपासणारे दुसऱ्या एका कंपनीचे प्लग-इन बसविले गेले होते, त्याचा इन्स्टॉलरही आमच्याच वहिवाटीने होस्टच्या फोल्डरात सामान टाकणारा होता, आणि त्याने त्याच नावाची जुनी प्रत आमच्या प्रतीवर चढविली होती. दोन्ही प्रतींवरचा सुसंगती-क्रमांक एकच असल्याने लोडरला हरकत घेण्यास काहीच कारण नव्हते. त्याने हुकमाप्रमाणे पत्त्यावर जाऊन जे सापडले ते इमानाने आणून दिले होते.

प्लग-इन मुळीच लोड झाले नाही तर निदान कोणी तक्रार तरी करतो; येथे सर्व सुरळीत चालले असता मजकूर मुकाट्याने बदलत होता, आणि त्या बाईंची नजर एवढी करडी नसती तर तो तसाच हजारो वाचकांपर्यंत गेला असता. लायब्ररीचा पत्ता हा केवळ सोयीचा नसून शुद्धतेचा प्रश्न आहे, ही माझी धारणा त्या दिवशी पक्की झाली, आणि आजवर ती बदललेली नाही.

अंक वेळेवर निघाला. त्यानंतर आम्ही सर्व रचना नव्याने केली. लायब्रऱ्या होस्टच्या फोल्डरातून काढून प्लग-इनच्या स्वतःच्या फ्रेमवर्क्स फोल्डरात आणल्या. इन्स्टॉल-नेम-टूल या साधनाने प्रत्येकीच्या अंगावरचा पत्ता बदलून तो लोडर-पाथपासून मोजला. लायब्रऱ्यांनाही एकमेकींची गरज असते, आमच्या हार्फबझला आयसीयू लागे, म्हणून त्यांचे आपसातील पत्तेही एकेक करून दुरुस्त केले. पुष्कळ लोक येथे थांबतात. बाहेरचे पत्ते नीट करतात, आतले विसरतात, आणि मग पहिली लायब्ररी सापडूनही दुसरी सापडत नाही. याखेरीज फाइलींच्या नावांना आमचा स्वतःचा उपसर्ग लावला, कारण लिनक्स व विंडोज या दोन्हींत त्याच नावाची लायब्ररी आधीच स्मृतीत असेल तर लोडर साधारणतः तीच पुन्हा हाती देतो, पत्ता काहीही असो. आयसीयूच्या कर्त्यांनी ही अडचण ओळखून आपल्या प्रत्येक फंक्शनच्या नावामागे आवृत्तीचा क्रमांक जोडण्याचा शिरस्ता ठेवला आहे, त्यामुळे दोन आवृत्त्या एकाच प्रक्रियेत शेजारी-शेजारी नांदू शकतात. ज्यांनी ही लायब्ररी लिहिली त्यांच्या दूरदृष्टीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

रनपाथविषयी माझे मत सर्वांना रुचत नाही. तो सोयीचा आहे, लायब्ररी एकदाच बांधून अनेक ठिकाणी वापरता येते, आणि स्वतंत्र कार्यक्रमासाठी मी तोच सुचवीन. परंतु लोडर मागणाऱ्या फाइलची यादी पाहतो त्याचबरोबर तिला ज्या साखळीने बोलावले त्या साखळीतील फाइलींच्या याद्याही विचारात घेतो, आणि या साखळीत होस्टची यादी येऊ शकते. परक्या प्रक्रियेत वावरणाऱ्या बंडलाने आपले पत्ते लोडर-पाथपासून थेट आणि संपूर्ण लिहावेत, यादीवर विसंबू नये, हे मी आग्रहाने सांगत आलो.

पुढे काळ बदलला आणि प्रणालीने आपले दरवाजे घट्ट केले. काही छापखान्यांनी पर्यावरण-चलांच्या साहाय्याने, म्हणजे कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी लोडरला ‘अमुक फोल्डरात आधी पाहा’ असे सांगणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या, म्हणजे शेल-स्क्रिप्ट, लिहून, जुनी प्लग-इन जिवंत ठेवली होती. २००५ च्या सुमारास लिहिलेल्या त्या चिठ्ठ्या कोणी लिहिल्या हेही तेथे कोणास ठाऊक नव्हते. २०१५ च्या एल कॅपिटन आवृत्तीपासून प्रणालीने संरक्षित कार्यक्रमांसाठी ही चले परस्पर पुसून टाकण्यास आरंभ केला, आणि त्या चिठ्ठ्या ज्या शेलमधून चालत तो शेल स्वतःच संरक्षित असल्याने त्यांचा अंमल संपुष्टात आला. पुढच्याच वर्षी, डाउनलोड करून जागचा न हलविलेला कार्यक्रम तात्पुरत्या, यादृच्छिक नावाच्या ठिकाणाहून चालविण्याची पद्धत आली, त्यामुळे बंडलाबाहेरच्या फाइलींचे सापेक्ष पत्ते निकामी झाले. मग स्वाक्षऱ्यांचे युग आले. लायब्ररीचा पत्ता बदलला की तिच्यावरची डिजिटल सही रद्द ठरते, ती पुन्हा करावी लागते, आणि तीही आतून बाहेर अशा क्रमाने: आधी पोटातील लायब्रऱ्या, मग बंडल. शिवाय २०१८ नंतरच्या कडक व्यवस्थेत होस्टने आपल्या सनदेत परवानगी नोंदविलेली नसेल, तर परक्याची सही असलेली लायब्ररी, ती बरोबर पत्त्यावर असूनही, आत घेतली जात नाही. या निर्बंधांविषयी आमच्या व्यवसायात पुष्कळ कुरकुर झाली. मला ते योग्यच वाटतात. दिवाळी अंकाच्या त्या यंत्रावर असे निर्बंध असते तर कोणाचीही जुनी प्रत आमच्या नावाने आत शिरली नसती.

जामखेडला आल्यावर कामाची रीत पालटली. होस्ट कंपनीच्या अभियंत्यांशी बोलताना मी गावाचे नाव सांगितले की बहुधा पुढे पुणे, नगर असे सांगत जावे लागे. एकाला मात्र ते नाव ठाऊक होते, कारण त्याची पत्नी सार्वजनिक आरोग्याची अभ्यासक होती आणि डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली येथे सुरू केलेल्या आरोग्य-प्रकल्पाविषयी तिने त्यास सांगितले होते. त्या दिवशी लायब्रऱ्यांचा विषय बराच वेळ बाजूला राहिला, आणि मला त्याचा आनंद झाला.

येथे माझ्यापाशी दोन यंत्रे होती. एकावर मी काम करी. दुसऱ्यावर प्रणाली आणि होस्ट यांखेरीज काहीही बसवावयाचे नाही असा माझा कडक दंडक होता. प्रोग्रामरच्या यंत्रावर वर्षानुवर्षांचे अवशेष साचलेले असतात, होमब्रू या साधनाने आणलेल्या लायब्रऱ्या, जुन्या बिल्डची फोल्डरे, आणि पत्ता चुकलेला असला तरी लोडरला त्यांतली एखादी सापडून जाते. जुन्या मॅकवर होमब्रू ‘यूएसआर-लोकल’मध्ये सामान ठेवीत असे; ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर आल्यावर त्याने ‘ऑप्ट’खाली नवे ठिकाण घेतले, आणि तेवढ्या एका बदलाने कित्येकांची प्लग-इन नव्या यंत्रांवर अडली. पत्ता चुकीचा होता तो पूर्वीपासूनच, उघडकीस आला तो तेव्हा. कोरे यंत्र हेच सत्य सांगते. उन्हाळ्यात वीज जाऊन-येऊन असे, बॅटरीवर बिल्ड पुरा होईल की नाही याची धास्ती असे, तरी कोऱ्या यंत्रावर लोड झालेले पाहिल्यावाचून मी ग्राहकाकडे काहीही पाठविले नाही.

खर्डा रस्त्यावर लग्नपत्रिका छापणारा एक तरुण माझे प्लग-इन वापरीत असे. त्याचा एकदा फोन आला, “काका, तुमचं ते चालंना. लाल अक्षरात काहीतरी येतंय.” काय येते आहे ते वाच म्हटल्यावर त्याने पहिली ओळ वाचली, अमुक लायब्ररी लोड झाली नाही. पुष्कळ लोक एवढेच सांगतात, आणि एवढ्यावरून काहीच कळत नाही. मी त्यास पुढे वाचावयास सांगितले. “खाली ‘रेफरन्स्ड फ्रॉम’ म्हणतंय, आणि लई लांबलचक नाव आहे,” असे म्हणत त्याने एकेक अक्षर उच्चारून दुसरी ओळ वाचली, आणि त्या ओळीतच सर्व उत्तर होते: मागणारी फाइल आमची नव्हतीच, ती त्याने कोठून तरी आणलेल्या फॉन्ट-बदल करणाऱ्या एका जोडणीची होती. ती काढून टाकताच दोन मिनिटांत काम सुरू झाले. पुढे तो इतका तयार झाला की आसपासच्या डीटीपीवाल्यांचे असे प्रश्न तोच सोडवू लागला, आणि ओटूल ही आज्ञा चालवून एखाद्या फाइलचे सर्व पत्ते कसे पाहावे हे त्याने माझ्याकडून हट्टाने शिकून घेतले.

आता मी या कामातून निवृत्त होत आहे, आणि हे काम पुढे चालविणाऱ्या तरुणांना, तसेच ते वापरणाऱ्यांनाही, माझी एक विनंती आहे. प्लग-इन पाठविण्यापूर्वी त्यातील प्रत्येक लायब्ररीवर, केवळ मुख्य फाइलवर नव्हे, ओटूल चालवा, आणि पत्त्यांत तुमच्या स्वतःच्या यंत्रावरील एखाद्या फोल्डराचे नाव दिसले तर ते पाठवू नका. आणि जे वापरतात त्यांनी, लाल अक्षरांत मजकूर आला की पहिल्या ओळीचा फोटो काढून थांबू नये. काय लोड झाले नाही, कोणी मागितले, आणि कोठे कोठे शोधले, या तिन्ही ओळी संपूर्ण, एकही अक्षर न गाळता, पाठवाव्यात.